चार बोटं पाणी

लिटरभर पाण्यात सहा-सात लहान चमचे मीठ विरघळवलं की साधारण समुद्राइतकं खारं पाणी तयार होतं. मागच्या उन्हाळ्यात मी ते केलं, मटार ठेवायच्या झिपच्या पिशवीत थोडंसं ओतलं, हवा काढून पिशवी घट्ट मिटली आणि ओट्यावर ठेवलेला फोनचा वायरलेस चार्जर आणि फोन यांच्या मधोमध ती पसरली. पाण्याचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. फोन चार्ज व्हायला लागला. मग त्याच पिशवीत नळाचं पाणी भरून पाहिलं. फरक काहीच नाही. खारं पाणी वीज गिळून टाकेल ही माझी समजूत तिथंच मोडली. पण दर दोन मिनिटांनी चार्जिंग थांबत होतं, आणि त्यात मिठाचा काही दोष नव्हता. पिशवी मऊ, आतलं पाणी हलतं. फोन हळूच घसरून बोटभर बाजूला जायचा आणि चार्जरमधली कॉइल व फोनमधली कॉइल यांची तोंडं चुकायची. शेवटी मी फोनवर बोट दाबून उभा राहिलो.

पाण्याखाली बिनतारी चार्जिंग करण्याचे प्रयत्न गेली पंचवीसेक वर्षं जगभर चालले आहेत. त्यांच्याविषयी वाचताना मला ते दाबून धरलेलं बोट सतत आठवतं. चार बोटं रुंदीच्या पाण्याच्या फटीतून वीज पलीकडे पोचवणं माणसाला जमलं आहे, आणि चांगलं जमलं आहे. जमायचं राहिलंय ते त्या बोटाचं काम. अंधारात, प्रवाहात, शेवाळ चढलेल्या पोलादावर दोन वस्तू चार बोटांच्या अंतरावर आणायच्या आणि तासन्‌तास तशाच ठेवायच्या, हे ते काम.

मुळात ही खटपट कशासाठी, ते आधी पाहू. समुद्रतळाची पाहणी करणारी, पाइपलाइन तपासणारी, पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारी स्वयंचलित पाणबुडी, म्हणजे एयूव्ही, बॅटरीवर चालते. दाव्याला बांधलेलं गुरू दाव्याच्या लांबीइतकंच चरतं, तशी ही बॅटरीच्या लांबीइतकीच फिरते. बॅटरी संपत आली की वर यायचं, जहाजानं तिला क्रेननं उचलायचं, चार्ज करायचं, पुन्हा सोडायचं. म्हणजे माणूस नसलेल्या यंत्रासाठी माणसांनी भरलेलं जहाज डोक्यावर उभं, आणि त्या जहाजाचा दिवसाचा खर्च लाखो रुपयांत. समुद्र खवळला की उचलणंही बंद. या अडचणीवर दोन जुने उपाय आहेत. एक, बॅटरी मोठी करा: नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीची ह्युगिन एन्ड्युरन्स ही पाणबुडी एका चार्जवर पंधरा दिवस चालावी अशी बांधलेली आहे. दुसरा, सावकाश चाला आणि कमी खा: ब्रिटनच्या राष्ट्रीय सागरविज्ञान केंद्राची ऑटोसब लाँग रेंज त्याच वाटेनं जाते. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण दोन्हींमध्ये शेवटी घरी यावंच लागतं. तिसरा उपाय म्हणजे घरच समुद्रात बांधणं.

मग तिथं साधा प्लग का नको? पाण्याखाली जोडता येणारे प्लग असतात, तेलउद्योग ते अनेक दशकं वापरतो आहे. तेलानं भरलेल्या रबरी कप्प्यात पिन शिरते, शिरताना रबराची किनार तिच्यावरचं पाणी पुसून काढते आणि मगच धातूला धातू भिडतो. ही करामत महाग आहे आणि तिला जोर लागतो. तो जोर ताकदवान यांत्रिक हात असलेल्या आरओव्हीकडे, म्हणजे दुरून चालवल्या जाणाऱ्या यंत्राकडे असतो, मासळीसारख्या हलक्या एयूव्हीकडे नसतो. वाळूचा एक कण किनारीत अडकला की पाणी आत जातं, आणि विजेच्या दाबाखालच्या तांब्याला खारं पाणी लागलं की ते झपाट्यानं झिजतं. प्रत्येक जोडणीला किनार थोडी थोडी खराब होते, त्यामुळे जोडण्यांची संख्याच ठरलेली. दिवसातून दोनदा चार्ज होणाऱ्या यंत्राचं यावर कसं भागणार? म्हणून धातू उघडाच ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंच्या कॉइल राळेत बंद करायच्या आणि मधल्या पाण्यातून फक्त चुंबकीय क्षेत्र जाऊ द्यायचं.

यातलं विज्ञान आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतं. इंडक्शन शेगडीच्या काचेखाली एक कॉइल असते. तिच्यातला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पातेल्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात. बूड तापतं. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेला हाच नियम. पातेल्याच्या जागी दुसरी कॉइल ठेवली तर तिच्यातून वीज काढून घेता येते, आणि आपल्याला हवी तीच ही गोष्ट. समुद्रात मात्र एक भानगड होते: खारं पाणी स्वतः थोडं पातेल्यासारखं वागतं. क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं, त्याची वाहकता साधारण ४ ते ५ सीमेन्स प्रतिमीटर, गोड्या पाण्याच्या शेकडो पट. त्यामुळे मधल्या पाण्यातही भोवरे उठतात आणि थोडी ऊर्जा पाणी कोमट करण्यात जाते.

किती जाते, हे वारंवारितेवर अवलंबून असतं. पाण्यातला हा तोटा वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारिता दुप्पट केली तर तोटा चौपट. रस्त्यावरच्या विद्युत मोटारींच्या बिनतारी चार्जिंगसाठी ८५ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ठरलेला आहे. त्या वारंवारितेला समुद्राच्या पाण्यात विद्युतचुंबकीय लहर साधारण ८५ सेंटीमीटर जाईपर्यंत मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. १ मेगाहर्ट्झला हे अंतर २५ सेंटीमीटरवर येतं आणि १० मेगाहर्ट्झला ८ सेंटीमीटरवर. आपली फट चार-पाच सेंटीमीटरची असेल तर ८५ किलोहर्ट्झला पाण्याचा अडथळा जवळजवळ जाणवत नाही. माझ्या पिशवीनं तेच दाखवलं होतं. मग वारंवारिता आणखी खाली का नेत नाहीत? कारण खाली गेलं की तेवढीच वीज पोचवायला कॉइल मोठ्या, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा जड, आणि पाणबुडीत प्रत्येक किलोचा हिशोब असतो. म्हणून बहुतेक संशोधक काही दहा ते काही शे किलोहर्ट्झ या दरम्यान राहतात. फट वाढवण्याची हौस मात्र पाण्यात महाग पडते. अमेरिकेत एमआयटीच्या गटानं २००७ मध्ये दोन मीटरवरून हवेतून ६० वॉटचा दिवा पेटवून दाखवला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. कार्यक्षमता ४० टक्के होती. समुद्रात त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. इथं जवळ जाणं हाच मार्ग आहे.

या विषयाला एक सुंदर पूर्वज आहे. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि ती बिनतारी हुकमांवर चालवून दाखवली. बघणाऱ्यांना जादू वाटली. पण होडीच्या पोटात बॅटऱ्याच होत्या. हुकूम हवेतून आला, वीज नाही. वीजही तारांशिवाय पाठवायचं स्वप्न टेस्लानं पुढे आयुष्यभर पाहिलं आणि त्यापायी तो कर्जबाजारी झाला. आज पाणबुड्यांच्या बाबतीत आपण बरोबर त्याच फटीत उभे आहोत. हुकूम आवाजाच्या लहरींवरून खोल पाण्यात पोचतात. विजेला मात्र चार बोटांची हद्द आहे.

आधुनिक कामाची सुरुवात म्हणून मी २००१ सालाकडे बोट दाखवीन. फीझर, सोरेल आणि ब्लँकिनशिप या अमेरिकी अभियंत्यांनी त्या वर्षी एयूव्हीसाठी एक जोडणी प्रसिद्ध केली: धातूला धातू न लावता २०० वॉट वीज, ७९ टक्के कार्यक्षमतेनं, आणि सोबत माहितीची देवाणघेवाणही. यातली माहितीची बाजू लोक विसरतात. पाणबुडी घरी येते ती नुसती जेवायला नाही, दिवसभर काय पाहिलं ते सांगायलाही येते, आणि पाण्यात रेडिओ चालत नसल्यानं ते सांगणंही याच चार बोटांच्या फटीतून करावं लागतं. जपानमध्ये २००४ च्या सुमारास कावासाकी हेवी इंडस्ट्रीजच्या मरीन बर्ड या पाणबुडीनं पाण्याखालच्या तळावर उतरून स्पर्शाविना चार्जिंग करून दाखवलं. कॅलिफोर्नियात माँटेरे खाडीतल्या संशोधन संस्थेनं, म्हणजे एमबारीनं, ५४ सेंटीमीटर व्यासाच्या पाणबुडीसाठी नरसाळ्याच्या तोंडाचा तळ बांधला. पुढे कार्यक्षमतेचे आकडे चढत गेले. सॅन डिएगोमध्ये तियानझे कान आणि ख्रिस मी यांच्या गटानं २०१८ मध्ये हलक्या एयूव्हीसाठी तीन कॉइलींची रचना मांडली: १ किलोवॉट, ९२.४१ टक्के.

या तीन कॉइलींपाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण त्यांत समुद्राची समज दिसते. टॉर्पेडोच्या आकाराची पाणबुडी नळकांड्यात शिरते तेव्हा ती स्वतःभोवती थोडी फिरलेली असू शकते, जशी बाटली टोपलीत कशीही लोळते. एकच कॉइल असेल तर पाणबुडी पाच-दहा अंश कलंडली की गणित बिघडलं. तीन कॉइली गोलात मांडून त्यांना तीन फेजनं वीज दिली की पाणबुडी थोडी कलंडली तरी गणित फारसं बिघडत नाही. शिवाय चुंबकीय क्षेत्र मधोमध गोळा होतं, बाहेर कमी सांडतं, आणि होकायंत्रासारखी नाजूक उपकरणं वाचतात. जिथं संशोधकानं यंत्राला ‘नीट उभं राहा’ असं न सांगता ‘तू कसाही ये, मी सांभाळून घेतो’ असं म्हटलं आहे, तिथं मला या विषयाचं भविष्य दिसतं.

९२, ९५, ९७ असे आकडे वाचताना मी वाचकाला दोन गोष्टी तपासायला सांगेन. पहिली, आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे. फक्त कॉइलपासून कॉइलपर्यंतचा आकडा नेहमी देखणा असतो; पुरवठ्यापासून बॅटरीपर्यंत मोजलं की मधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपला वाटा घेते. दुसरी, पाणी कुठलं होतं. प्रयोगशाळेच्या काचेच्या हौदात, घट्ट पकडीत बसवलेल्या कॉइली, स्थिर पाणी, ठरलेली फट. समुद्रात यातलं एकही नसतं.

प्रवाह आडवा असतो. आणि टॉर्पेडोच्या आकाराची पाणबुडी सायकलसारखी असते: वेग गेला की तोल गेला. तिचे सुकाणूचे पंख पाणी वाहत असेल तरच काम करतात. म्हणजे तळाशी येताना तिनं वेग ठेवायला हवा, आणि तळात शिरताच हातभर अंतरात थांबायलाही हवं. म्हणूनच ते नरसाळं. दुरून ती आवाजाच्या खुणांवर येते, जवळ आल्यावर तळावरचे दिवे कॅमेऱ्यानं हेरते. पाणी गढूळ असेल तर दिवे शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. ठाण्याच्या खाडीत किंवा पावसाळ्यात वाशिष्ठीच्या मुखाशी हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, तिथं कॅमेऱ्यावर विसंबणं धोक्याचं. जागच्या जागी तरंगू शकणाऱ्या, चार-सहा पंख्यांच्या पाणबुड्यांना हे सोपं जातं, पण प्रवाहात जागेवर राहण्यासाठी त्यांना सतत वीज जाळावी लागते. चार्ज व्हायला आलेल्या यंत्रानं दारातच बॅटरी संपवायची, असं होऊन बसतं.

यानंतर येतं ते शेवाळ, आणि याविषयी कोकणातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी हर्णैला होतो. मासेमारीबंदी सुरू झालेली, होड्या वर ओढून शाकारायची तयारी चाललेली. एका होडीच्या तळावर दोघं जण लोखंडी पट्टीनं खरवडत होते. पट्टी ओढली की करकर आवाज यायचा आणि वाळूवर पांढऱ्या शंकूंचा, शेवाळाचा आणि बारीक कालवांचा खच पडायचा. उन्हात त्याला मासळीपेक्षा उग्र वास येत होता. एक शंकू मी हातात घेतला. सेंटीमीटरभर उंच, कडा ब्लेडसारख्या. बार्नेकल. होडीच्या तांडेलाला विचारलं, एवढं कसं चढतं? तो म्हणाला, “चालत्या नावेला कमी लागतं, दादा. उभ्या नावेला दाढी येते.”

पाण्याखालचा चार्जिंग तळ म्हणजे कायमची उभी नाव. त्याला दाढी येणारच, आणि आपल्या उष्ण समुद्रात ती नॉर्वेपेक्षा लवकर येणार. गंमत अशी की चुंबकीय क्षेत्राला बार्नेकलचं फारसं काही वाटत नाही. कवच चुन्याचं, त्यातून ते आरपार जातं. अडचण वेगळीच होते. सेंटीमीटरभर कवच चढलं की फट सेंटीमीटरनं वाढते, नरसाळ्याचं तोंड अरुंद होतं, पकडीचा खटका मिटत नाही, दिव्याच्या काचेवर पडदा येतो, आणि कॉइलची उष्णता, जी पाणी एरवी फुकट वाहून नेतं, आतच कोंडते. जहाजांवरचा जुना उपाय तांब्याचा पत्रा. पण कॉइलसमोर तांब्याचा पत्रा लावला की त्याचंच पातेलं होणार! म्हणून कॉइलच्या तोंडावर सिलिकोनसारखे गुळगुळीत लेप, विषारी नसलेले रंग आणि अतिनील दिवे वापरून पाहिले जात आहेत. अंबरनाथला नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे, जहाजांचे रंग आणि लेप हा तिथला जुना विषय. या तळांसाठी तिथल्या अनुभवाचा उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दाबाबद्दल थोडक्यात. दर दहा मीटरला एक वातावरण. तीन हजार मीटरला तीनशे. राळेत बंद केलेली कॉइल हे सोसते. फेराइट मात्र ठिसूळ असतं आणि दाबाखाली त्याचे चुंबकीय गुणही थोडे बदलतात. चीनमधल्या चेजियांग विद्यापीठानं दाबाच्या टाकीत हे तपासून त्याप्रमाणे रचना केल्या आहेत. हा प्रश्न मला सुटलेला वाटतो.

चार्जर बसवला, पण चार्जरला वीज कोण देणार? इथं तीन वाटा आहेत. पहिली, किनाऱ्यावरून केबल. माँटेरे खाडीत ५२ किलोमीटर केबल टाकून ८९१ मीटर खोलीवर वीज आणि इंटरनेट पोचवलेलं आहे. असा मार्ग एकदा झाला की त्याच्या टोकाला घर बांधणं सोपं. दुसरी वाट, वीज तिथंच तयार करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपासून पाच किलोमीटरवर हा प्रयोग सुरू झाला. मोशन एनर्जीचं ब्लू एक्स हे लाटांवर चालणारं वीस मीटर लांबीचं यंत्र वर तरंगत होतं, खाली समुद्रतळावर व्हर्लुमची हेलो नावाची बॅटरी बसवलेली होती, आणि तिच्यातून पाण्याखालची उपकरणं व तिथं मुक्कामी असलेली एयूव्ही वीज घेत होती. ब्लू एक्सची क्षमता १० किलोवॉट, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन घरांच्या छतांवरच्या सोलर पॅनेलइतकी. आकडा लहान आहे, पण पाणबुडीलाही तेवढंच हवं असतं: ५ किलोवॉट-तासांची बॅटरी १ किलोवॉटनं पाच-सहा तासांत भरते.

तिसरी वाट तेलविहिरींची, आणि खरं सांगायचं तर पैसा सध्या तिथूनच येतो. समुद्रतळावरच्या विहिरींना वीज आधीच पोचलेली असते. नॉर्वेच्या इक्विनॉर या तेलकंपनीनं तिथं मुक्कामाला राहणाऱ्या यंत्रांची कल्पना उचलून धरली. स्टॅव्हँगरजवळच्या ब्लू लॉजिकनं इंडक्शनवर चालणारे जोड आणि उतरण्याचा तळ बनवला. इटलीच्या सायपेमची हायड्रोन-आर ही पाणबुडी नॉर्वेच्या न्योर्ड तेलक्षेत्रात तळाशी महिनोन्‌महिने मुक्काम करून आली. ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातून निघालेल्या एल्यूम कंपनीचा सापासारखा यंत्रमानवही याच घरासाठी घडला. इथं ८० टक्के की ९५ टक्के हा वाद दुय्यम होतो. पाचवा हिस्सा वीज पाण्यात गेली तरी चालेल, कारण त्या बदल्यात वर उभं राहणारं, दिवसाला टनावारी डिझेल जाळणारं जहाज घरी जातं. आपल्याकडे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. १९७४ मध्ये तिथं तेल लागलं. खोली ७५ मीटरच्या आसपास, समुद्रतळावर पाइपलाइनींचं जाळं, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने पाहणी अवघड. मुक्कामी पाणबुडीसाठी यापेक्षा योग्य जागा मला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसत नाही.

सैन्यदलांचं लक्ष या विषयाकडे असणार हे उघड आहे. न दिसता खाली राहून चार्ज होणारी पाणबुडी कुठल्या नौदलाला नको असेल? अमेरिकी नौदलाच्या सॅन डिएगोच्या केंद्रात यावर बरीच वर्षं काम होत आलं आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

जहाजांचं गणित मात्र उलटं आहे, आणि दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत भरणं चूक. फेरीबोट तीसेक पाणबुड्यांची वीज दहा मिनिटांत मागते. २०१५ मध्ये नॉर्वेत अँपिअर ही मोटारी वाहणारी पहिली मोठी विद्युत फेरी सुरू झाली. पण खलाशानं प्लग लावायचा, काढायचा, यात प्रत्येक थांब्यावर मौल्यवान मिनिटं जातात. २०१७ मध्ये वार्टसिला कंपनीनं फोल्गेफोन या फेरीवर बिनतारी चार्जिंग बसवलं: एक मेगावॉटहून जास्त वीज, अर्ध्या मीटरच्या फटीतूनही. फेरी धक्क्याला लागताच चार्जिंग आपोआप सुरू. मात्र त्या प्लेटा पाण्याखाली नाहीत, फेरीच्या कुशीवर आणि धक्क्यावर, पाण्याच्या वर आहेत. हा निर्णय मला पूर्ण पटतो. एक मेगावॉटवर पाच टक्के तोटा म्हणजे ५० किलोवॉट, डझनावारी शेगड्या एकदम पेटवल्यासारखी उष्णता. आणि पोलादी जहाज म्हणजे जगातलं सर्वांत मोठं पातेलं, त्याला क्षेत्रापासून झाकायला अॅल्युमिनियमचे पडदे लागतात. त्यात तळाला दाढी. जहाजाच्या तळाशी, पाण्याखाली चार्जिंग करायच्या कल्पना कागदावर आकर्षक दिसतात, पण जिथं पाण्याच्या वर कोरडी जागा उपलब्ध आहे तिथं खाली उतरायचं कारण मला सापडत नाही.

इंडक्शनला पर्यायही शोधले जात आहेत. जपानच्या तोयोहाशी विद्यापीठात मासाया तामुरा यांच्या गटानं कॉइलऐवजी धातूच्या पातळ पट्ट्या वापरून, विद्युत क्षेत्रातून समुद्राच्या पाण्यात दोन सेंटीमीटरच्या फटीतून किलोवॉटभर वीज ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेनं पाठवली. पट्ट्या अगदी हलक्या असतात, फेराइटचं ओझं नाही. लहान पाणबुड्यांसाठी ही वाट मला सर्वांत आशादायक वाटते. आवाजाच्या लहरींनी वीज पाठवणं लांबवर जमतं पण मिळते अगदी थेंबभर. थेंबभर विजेत काय होतं ते एमआयटीतल्या फादेल अदीब यांच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं: बॅटरी नसलेला पाण्याखालचा कॅमेरा, पाण्यातल्या आवाजातून ऊर्जा वेचणारा. पाणबुडी मात्र त्यावर हलणार नाही.

जलचरांचं काय, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. शार्क आणि पाकट यांना अतिशय क्षीण विद्युत क्षेत्रं कळतात, पण ती स्थिर किंवा सावकाश बदलणारी. सेकंदाला ऐंशी हजार वेळा बदलणारी नव्हेत. शिवाय अशा जोडाचं क्षेत्र हातभर अंतरात विरतं. पाणबुड्या माणसांसाठी, म्हणजे डायव्हरांसाठी, आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत आणि तळाजवळ काम करताना चार्जिंग बंद ठेवणं हा सोपा उपाय आहे.

मला जास्त काळजी वाटते ती मापांची. रस्त्यावरच्या मोटारींसाठी अमेरिकेच्या एसएईनं २०२० मध्ये जे२९५४ हे मानक जाहीर केलं: वारंवारिता ठरली, ११ किलोवॉटपर्यंतचे वर्ग ठरले, कोणाचीही गाडी कोणाच्याही पट्टीवर उभी राहू शकते. समुद्रात प्रत्येक पाणबुडीचं घर वेगळं, कॉइल वेगळी, फट वेगळी. सबसी वायरलेस ग्रुप या उद्योगांच्या गटानं सामायिक मानकांवर काम केलं आहे, इक्विनॉरनंही तळ सर्वांना खुला असावा असा आग्रह धरला. पण जोवर एका देशाची पाणबुडी दुसऱ्या संस्थेच्या तळावर निर्धास्त उतरत नाही, तोवर प्रत्येक तळ फक्त एकाच यंत्राचा गोठा राहणार. भारतानं यात उशिरा उतरण्याचा एक फायदा करून घ्यायला हवा. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं माया ही छोटी एयूव्ही दोन दशकांपूर्वीच बांधली. पावणेदोन मीटर लांब, दोन माणसांना उचलता येईल एवढी. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, खासगी कारखाने, नौदलाची जहाजबांधणी केंद्रं, सगळीकडे आता पाणबुड्या बनताहेत. प्रत्येकानं आपापला चार्जर शोधण्याआधी एका टेबलाभोवती बसून फट, वारंवारिता आणि माप ठरवलं तर पुढच्या वीस वर्षांचा पैसा वाचेल.

गेल्या हिवाळ्यात दाभोळहून धोपाव्याला फेरीनं जाताना मी हे सगळं डोक्यात घेऊनच उभा होतो. धक्का जवळ आला तसा पुढचा रॅम्प खाली आला, सिमेंटच्या उतारावर खरखरत टेकला, आणि गाड्या उतरेपर्यंत इंजिन पुढच्या दिशेनं लावूनच ठेवलेलं होतं, फेरी उताराला दाबून धरण्यासाठी. तरी ती प्रवाहानं वीतभर इकडे, वीतभर तिकडे होत होती. ओहोटी होती. उताराच्या कडेच्या भिंतीवर भरतीची ओली हिरवी रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच होती. तिच्या खाली सगळीकडे कालवं चिकटलेली, आणि पायाशी घोट्यापर्यंत रुतेल असा चिखल. इथं प्लेट बसवायची तर ती पाण्याबरोबर अडीच-तीन मीटर वर-खाली सरकणारी हवी, वीतभर हलणाऱ्या फेरीला सांभाळून घेणारी हवी, आणि तिच्यावरचा चिखल रोज धुणारा माणूसही हवा. मी फोनमध्ये त्या भिंतीचे फोटो काढत होतो तेवढ्यात खलाशानं शिट्टी वाजवली, आणि मी मागच्या गाडीच्या मागून उतारावर चढलो.